नव्वद सेकंदांची वाट

काळ्या पडद्यावर चौकटी कंसात दोन-तीन लाल तारका येरझाऱ्या घालत असतात. शेजारी इंग्रजीत एक ओळ असते: अमुक डिव्हाइससाठी ‘स्टार्ट जॉब’ चालू आहे. त्या डिव्हाइसचे नाव म्हणजे आकडे, अक्षरे आणि आडव्या रेघा यांची लांबलचक माळ. ओळीच्या शेवटी सेकंद मोजले जात असतात, बारा, तेरा, चौदा. आणि तिरक्या रेघेपलीकडे मर्यादाही छापलेली असते: १ मिनिट ३० सेकंद. एकाच डिस्कवर दोन लिनक्स नांदवण्याचा खटाटोप ज्यांनी केला आहे, त्यांतल्या पुष्कळांना हे दृश्य चांगलेच ओळखीचे असेल.

या दीड मिनिटात संगणक काय करत असतो? काहीही नाही. डिस्कचा दिवा लुकलुकत नाही, प्रोसेसर रिकामा बसलेला असतो.

झालेले असते ते असे. दुसरे लिनक्स बसवताना इन्स्टॉलरने स्वॅप पार्टिशन, म्हणजे रॅम अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा, पुन्हा फॉरमॅट केले. फॉरमॅट झाले की त्या पार्टिशनला नवा यूयूआयडी, म्हणजे ३६ अक्षरी ओळखक्रमांक, मिळतो. पहिल्या लिनक्सला याचा पत्ताच नसतो. कोणती पार्टिशन जोडायची ते सांगणाऱ्या त्याच्या एफएसटॅब नावाच्या फाइलीत जुनाच क्रमांक लिहिलेला असतो. सुरू होताना सिस्टमडी, म्हणजे बाकीच्या सगळ्या सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्रॅम, त्या फाइलीनुसार कामाला लागतो आणि त्या क्रमांकाचे पार्टिशन हजर होण्याची वाट पाहत बसतो. ते येणार कुठून? त्या क्रमांकाचे आता काही उरलेलेच नाही. ९० सेकंद भरले की सिस्टमडी नाद सोडतो, आणि स्वॅपवाचून तूर्त काही अडत नसल्याने पुढचे सगळे सुरळीत पार पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

इलाज एका ओळीचा आहे. ‘बीएलकेआयडी’ कमांड चालवून स्वॅपचा आजचा क्रमांक पाहायचा आणि एफएसटॅबमधला जुना खोडून हा लिहायचा. मालक मात्र बहुधा तिथवर पोचत नाही. तो आधी ब्लूटूथ बंद करतो, मग प्रिंटरची सर्व्हिस बंद करतो, मग हलका डेस्कटॉप बसवतो, मग रॅम वाढवतो. शेवटी वैतागून तिसरेच कुठलेतरी लिनक्स घालतो. त्याने दुखणे जाते खरे, पण या नव्या पाहुण्यानेही स्वॅप फॉरमॅट केलेले असते. त्यामुळे तेच दुखणे आता शेजारच्या लिनक्सला जडते.

लिनक्स उशिरा सुरू होणे या तक्रारीकडे बघण्याची जी दृष्टी पुढच्या पानांमध्ये आहे, तिचा गाभा या उदाहरणात आला. संगणक संथ आहे असे म्हणताना आपण गृहीत धरतो की त्याला काम झेपत नाही. खूपदा तसे नसते. तो काम करत नसतो, कुणाची तरी वाट पाहत असतो. कामाचा भार असेल तर तो हलका करावा लागतो. वाट पाहणे असेल तर कुणाची, एवढेच शोधायचे असते, आणि त्यासाठी पैसा लागत नाही.

वाट पाहण्याची एक ठळक खूण आहे: आकडा गोल येतो. खऱ्या कामाला आज १७ सेकंद लागतील, उद्या १९, परवा अपडेट झाल्यावर २३. टाइमआउट मात्र कुणा प्रोग्रॅमरने कोडमध्ये लिहून ठेवलेला आकडा असतो, त्यामुळे तो रोज तोच राहतो. ९० सेकंद म्हणजे सिस्टमडीची कुठल्याही सर्व्हिससाठी किंवा डिव्हाइससाठी थांबण्याची नेहमीची मर्यादा. १२० सेकंद गेले आणि यंत्र सर्व्हर असेल, तर सिस्टमडीचाच नेटवर्क विभाग जोडणी मिळण्याची वाट पाहत असण्याचा संभव मोठा. डेबियन किंवा उबुंटूवर अगदी सुरुवातीलाच ३० सेकंद जात असतील, तर हायबरनेशनमधून परत येण्यासाठी जे स्वॅप लागते त्याचा शोध चालू असेल. लॉगिन झाल्यावर पहिली खिडकी उघडायला २५ सेकंद लागत असतील, तर संशय डी-बसवर घ्यावा. प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात त्या या वाहिनीवर उत्तरासाठी थांबण्याचा प्रघात २५ सेकंदांचा आहे. आणि पाच-पाच सेकंदांचे गचके बसत असतील तर डीएनएस. उत्तर न देणाऱ्या नेमसर्व्हरसाठी लिनक्स प्रत्येक प्रयत्नाला पाच सेकंद देतो. अनुभवी माणूस नुसत्या घड्याळावरून निम्मे निदान करतो ते असे.

आता थोडे मागे जायला हवे, कारण आजच्या यंत्रणेतले बरेच गुण आणि काही खोडी तिच्या जन्मकथेतून आल्या आहेत.

जुन्या लिनक्समध्ये ‘सिस-व्ही इनिट’ नावाची पद्धत होती. एका फोल्डरमध्ये शेल स्क्रिप्टांची रांग, प्रत्येकीच्या नावात क्रमांक, आणि क्रमाने एकेक चालवायची. एक संपल्याशिवाय दुसरी सुरू नाही. समजायला हे अत्यंत सोपे होते आणि कुणीही नोटपॅडसारख्या एडिटरमध्ये उघडून वाचू शकत असे. पण रांगेतल्या एकाने अडवले की सगळे अडले. सेंडमेल हे याचे जुने प्रसिद्ध उदाहरण. संगणकाचे स्वतःचे नाव डीएनएसमध्ये सापडले नाही की हा टपाल-प्रोग्रॅम बूट होताना मिनिटमिनिटभर अडून बसायचा. ज्याने आयुष्यात त्या यंत्रावरून एकही पत्र सेंडमेलने पाठवले नाही, तोही ते मिनिट मोजत बसायचा.

२००४ च्या अखेरीस रेड हॅटमधल्या ओवेन टेलर यांनी फेडोराच्या मंडळींपुढे एक आव्हान ठेवले. बूट होताना नेमके काय काय होते, प्रोसेसर कधी राबतो, डिस्क कधी राबते, हे सगळे एका चित्रात दाखवा. झिगा माहकोवेत्स यांनी ते उचलले आणि ‘बूटचार्ट’ तयार झाला. वेळेचा आडवा अक्ष, वर प्रोसेसर आणि डिस्कचे आलेख, खाली प्रत्येक प्रक्रियेची पट्टी. पहिल्यांदाच लोकांना डोळ्यांनी दिसले की एवढ्या घाईच्या काळातही प्रोसेसर आणि डिस्क दोघेही एकाच वेळी रिकामे असतात असे कितीतरी क्षण आहेत. त्यापूर्वीची चर्चा अंदाजांवर चालत असे. आता बोट ठेवायला जागा मिळाली.

या चित्राचा सर्वांत धीट उपयोग इंटेलच्या आर्यान व्हान दे व्हेन आणि आउके कॉक यांनी केला. सप्टेंबर २००८ मध्ये पोर्टलंडला झालेल्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत त्यांनी आसुसचा ‘ई पीसी’ हा चिमुकला, स्वस्त आणि मुळीच वेगवान नसलेला लॅपटॉप पाच सेकंदांत सुरू करून दाखवला. त्यांची पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. ‘आहे त्याहून जरा जलद’ हे ध्येयच त्यांनी टाकून दिले. पाच सेकंद हे अंदाजपत्रक मानले आणि वाटणी केली: कर्नलला एक, सुरुवातीच्या सर्व्हिसेसना एक, ग्राफिक्सला एक, डेस्कटॉपला दोन. ज्याचे काम वाट्याच्या वेळात बसत नाही त्याने स्वतःला सुधारायचे. बूट पूर्ण झाले म्हणजे काय, याचीही पळवाट त्यांनी ठेवली नाही. चित्र पडद्यावर आले म्हणून झाले नाही. प्रोसेसर आणि डिस्क दोघेही शांत झाले तरच झाले. आजही अनेक कंपन्या ‘इतक्या सेकंदांत सुरू’ अशी जाहिरात करतात तेव्हा ही दुसरी अट सोयीस्करपणे विसरलेली असते.

सुधारणेचे वारे तोवर सगळीकडे वाहू लागले होते. ॲपलने २००५ मध्ये मॅक ओएस एक्सच्या टायगर आवृत्तीत ‘लाँच-डी’ आणले होते. उबुंटूने २००६ मध्ये स्कॉट जेम्स रेम्नंट यांचे ‘अपस्टार्ट’ स्वीकारले. मग ३० एप्रिल २०१० रोजी लेनार्ट पोटरिंग यांनी एका लांबलचक लेखातून सिस्टमडीची मांडणी केली; काय सीव्हर्स हे त्यातले त्यांचे सहकारी. मूळ कल्पना चतुर होती आणि ती लाँच-डीवरून सुचल्याचे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. एका सर्व्हिसला दुसरी लागते, म्हणजे नेमके काय लागते? बहुतेक वेळा फक्त तिचे सॉकेट, म्हणजे निरोप टाकण्याची जागा. मग सगळी सॉकेटे सिस्टमडीने आधीच उघडून ठेवावीत आणि सगळ्या सर्व्हिसेस एकदम सोडाव्यात. समोरची अजून जागी झाली नसेल तर निरोप कर्नलच्या बफरमध्ये थांबेल. रांग मोडली.

फेडोरा १५ ने मे २०११ मध्ये सिस्टमडी घेतला. डेबियनमध्ये मात्र महाभारत घडले. फेब्रुवारी २०१४ मध्ये तांत्रिक समितीत सिस्टमडी आणि अपस्टार्ट यांना ४-४ अशी समसमान मते पडली आणि अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टमडीची निवड झाली. काही दिवसांतच उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी उबुंटूही त्याच वाटेने जाईल असे जाहीर केले. नाराजांनी ‘देवुआन’ नावाची वेगळी चूल मांडली, ती अजून पेटती आहे. त्यांच्या आक्षेपांत तथ्य नव्हते असे नाही. एवढी सगळी जबाबदारी एकाच प्रकल्पाकडे असावी का, हा प्रश्न आजही विचारता येतो. पण बूटच्या निदानापुरते बोलायचे तर सिस्टमडीने मोजमाप घरात आणून दिले, आणि त्याबद्दल त्याचे ऋण मान्य करायला हवे.

ते मोजमाप म्हणजे ‘सिस्टमडी-ॲनालाइझ’ ही कमांड. टर्मिनलमध्ये एवढेच टाइप केले की एक ओळ मिळते. समजा ती अशी आहे: फर्मवेअर ६ सेकंद, लोडर ५ सेकंद, कर्नल ३४ सेकंद, युजरस्पेस १२ सेकंद. एकूण ५७. पहिली प्रतिक्रिया ठरलेली: कर्नल बिघडला, जुना कर्नल घाला. पण यंत्रावर उबुंटू असेल तर जरा थांबावे. उबुंटूच्या बहुतेक आवृत्त्यांमध्ये आणि डेबियनमध्ये ‘कर्नल’ या आकड्यात इनिटरामएफएसचा वेळही मिसळलेला असतो. मुख्य डिस्क हाती लागेपर्यंत कर्नल ज्या छोट्या तात्पुरत्या फाइल सिस्टिमवर काम करतो, ती ही. फेडोरामध्ये तिथेही सिस्टमडीच असल्याने तिचा आकडा वेगळा छापला जातो. उबुंटूत सहसा नाही. तर ३४ मधले ४ कर्नलचे आणि ३० हा आपल्या ओळखीचा गोल आकडा, हरवलेल्या स्वॅपचा. गंमत अशी की एफएसटॅब दुरुस्त केली तरी हा जात नाही, कारण इनिटरामएफएसच्या सेटिंगमध्ये ‘रिझ्यूम’ नावाची स्वतंत्र फाइल आहे आणि तीत जुना क्रमांक तसाच असतो. ती बदलून, किंवा हायबरनेशन वापरत नसल्यास तिथे ‘नन’ लिहून, ‘अपडेट-इनिटरामएफएस’ चालवावे लागते. लोडरचे ५ सेकंद तर कुणाचाच दोष नाही. ग्रब या लोडरचा मेनू तेवढा वेळ दिसावा असे ठरलेले आहे. ५७ सेकंदांपैकी ३५ सेकंद शुद्ध प्रतीक्षा.

याच कमांडला ‘ब्लेम’ शब्द जोडला की सर्व्हिसेसची यादी मिळते, सर्वांत जास्त वेळ घेणारी सर्वांत वर. ही यादी जितकी लोकप्रिय तितकीच फसवी. तिच्या अधिकृत माहितीपानातच सावधगिरीची सूचना आहे, पण ती वाचतो कोण. एखादी सर्व्हिस ४० सेकंद घेताना दिसते तेव्हा त्यातले ३९ सेकंद ती दुसऱ्याच कुणासाठी थांबलेली असू शकते. लग्नाचा मुहूर्त टळला तर भटजी मांडवात सर्वांत जास्त वेळ बसलेले आढळतील. म्हणून उशीर त्यांनी केला असे होत नाही. ‘प्लिमथ-क्विट-वेट’ हा बिचारा या यादीतला कायमचा भटजी. सुरुवातीचे चित्र पडद्यावरून जाईपर्यंत थांबणे एवढेच त्याचे काम, आणि म्हणून तो यादीत हमखास वर. त्याला बंद करण्याचे सल्ले सर्रास दिले जातात. वेळ त्याने वाचत नाही.

खरे उत्तर ‘क्रिटिकल-चेन’ देते. शेवटच्या टप्प्यापासून मागे मागे जात कोण कुणासाठी थांबले याची साखळी ती दाखवते. प्रत्येक कडीपुढे कधी सुरू झाली आणि किती वेळ घेतला हे दोन आकडे असतात. साखळीत नसलेली सर्व्हिस ब्लेमच्या यादीत कितीही वर असली तरी तिला हात लावण्यात अर्थ नाही, कारण ती बाजूला समांतर चालू होती. आणि ‘प्लॉट’ ही उपकमांड अख्खे चित्र फाइलीत काढून देते, बूटचार्टचाच वारसा.

या साखळीत ज्याचे नाव वारंवार सापडते तो ‘नेटवर्क-मॅनेजर-वेट-ऑनलाइन’. नाव सगळे सांगते. जोडणी पक्की झाल्याशिवाय पुढे जायचे नाही. सर्व्हरवर, जिथे नेटवर्कवरची डिस्क जोडल्याशिवाय डेटाबेस सुरू करता येत नाही, तिथे हे योग्यच. घरच्या लॅपटॉपवर मात्र लॉगिनचा पडदा येण्यासाठी वायफाय कशाला हवे? अनेकदा कुणीतरी कधीतरी बसवलेल्या एका प्रोग्रॅमने ‘मला नेटवर्क लागते’ असे लिहून ठेवलेले असते आणि त्याच्यापायी सारे घर थांबते. इथे ही सर्व्हिस सरसकट बंद करण्यापेक्षा तिला कोण ओढून आणते ते ‘सिस्टमसीटीएल’च्या रिव्हर्स-डिपेंडन्सी यादीत बघणे शहाणपणाचे. सर्व्हरवरचा प्रकार आणखी साधा असतो. दोन लॅन पोर्ट, एकालाच केबल, आणि नेटवर्कची मांडणी सांगणाऱ्या नेटप्लॅनच्या फाइलीत दोन्ही सक्तीचे. रिकाम्या पोर्टापुढे ‘ऑप्शनल’ लिहिले की दोन मिनिटे वाचतात.

वाट पाहण्याची सर्वांत विलक्षण गोष्ट २०१९ ची आहे. कर्नलच्या ५.३ आवृत्तीची तयारी चालू होती. ईएक्सटी-४ फाइल सिस्टिममध्ये एक साधी, चांगली सुधारणा झाली होती: डिस्ककडच्या काही मागण्या एकत्र करायच्या, म्हणजे डिस्कच्या खेपा कमी. कर्नलवर काम करणारे अहमद दरविश यांना आढळले की या सुधारणेनंतर त्यांचा लॅपटॉप लॉगिनच्या पडद्यापर्यंत पोचतच नाही. कीबोर्डवर चार बटणे दाबली की मात्र पुढे सरकतो! उलगडा असा झाला. लॉगिनच्या वेळी ग्राफिक्सच्या मंडळींना काही यादृच्छिक अंक लागतात. ते कर्नल देतो, पण त्यासाठी त्याला आधी पुरेशी अनिश्चितता गोळा करावी लागते, आणि ती तो डिस्कच्या इंटरप्टांच्या अनियमित वेळांतून, माऊस-कीबोर्डच्या हालचालींतून जमवतो. डिस्कच्या खेपा घटल्या, इंटरप्ट घटले, अनिश्चितता अपुरी पडली, आणि अंक मागणारा प्रोग्रॅम ताटकळला. माणूस पडद्याकडे बघत स्तब्ध, यंत्र माणसाने हलावे म्हणून स्तब्ध. त्यातही योगायोग असा की ईएक्सटी-४ आणि यादृच्छिक अंकांचा विभाग, दोन्ही तेव्हा थिओडोर त्सो यांच्याकडेच होते. लिनस टोरवाल्ड्स यांनी ५.३ जाहीर करताना ती सुधारणा मागे घेतली. तिच्यात चूक काही नव्हती, पण चालणारे यंत्र बंद पडले हे त्यांना पुरेसे होते. पुढच्या ५.४ मध्ये कर्नल स्वतःच प्रोसेसरच्या सूक्ष्म चढउतारांतून अनिश्चितता मिळवू लागला आणि ती वाट पाहणे संपले. त्याच वर्षी आलेल्या डेबियन १० च्या प्रकाशन-टिपांतही अनिश्चितता कमी पडल्याने बूट रेंगाळू शकते, असा इशारा आहे.

आता खऱ्या कामाच्या संथपणाकडे. इथे दोषी जवळजवळ नेहमी फिरती हार्ड डिस्क असते. हिशेब सोपा आहे. लॅपटॉपची डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, आणि डोके त्या पट्ट्यावर नेण्याचा वेळ वेगळा. सगळे मिळून सेकंदाला शंभरही विखुरलेल्या फाइली वाचून होत नाहीत. बूट होताना हजारो लहान फाइली लागतात. एसएसडीला फिरायचे काही नसल्याने ती हाच प्रकार सेकंदाला हजारोंच्या संख्येने उरकते. म्हणूनच दहा वर्षे जुन्या लॅपटॉपलाही एसएसडी बसवली की तो पुन्हा वापरण्याजोगा होतो. हार्ड डिस्क असेल आणि टाइमआउट कुठेच सापडत नसेल, तर बाकीचे सगळे उपाय मिळूनही या एका बदलाची बरोबरी करणार नाहीत. मात्र एसएसडी घातल्यावरही ते ९० सेकंद ९०च राहतात, हे पैसे मोजण्याआधी पाहून घ्यावे.

वीज जाणाऱ्या गावांत आणखी एक कारण भेटते. यंत्र अचानक बंद पडले की पुढच्या वेळी फाइल सिस्टिम स्वतःचे जर्नल वाचून सावरते. हे काही क्षणांचे काम, त्याची चिंता नको. पण मदरबोर्डावरची नाण्याएवढी सीआर-२०३२ बॅटरी संपली असेल तर वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग फाइल सिस्टिम शेवटची वापरली गेली ती तारीख ‘भविष्यातली’ ठरते आणि एफएससीके नावाचा तपासनीस संशयाने कामाला लागतो. किरकोळ किमतीची बॅटरी बदलायची सोडून लोक लिनक्स बदलतात. उलट, दर ३०-३५ बूटांनंतर सक्तीची तपासणी होते हा समज आता जुना झाला. ईएक्सटी-४ ची साधने २०११ पासून नव्या फाइल सिस्टिमवर ती आपोआप लावत नाहीत.

राहता राहिला लॉगिननंतरचा काळ. सिस्टमडी-ॲनालाइझ तो मुळात मोजतच नाही. आकडा १५ सेकंदांचा आणि हाती काम लागायला दीड मिनिट, ही तफावत तिथली. क्लाउडची सिंक, चॅटचे दोन-तीन ॲप, फाइली धुंडाळून सूची करणारा इंडेक्सर, सगळे एकदम डिस्कवर तुटून पडतात. यात गूढ काही नाही. ऑटोस्टार्टच्या यादीत जाऊन नको ते काढायचे.

‘लिनक्स जलद करा, या दहा सर्व्हिसेस बंद करा’ अशा याद्यांबद्दल दोन शब्द कडक लिहायला हवेत. त्या निदान न करता औषध देतात. समांतर चालणारी, शंभर मिलिसेकंदांत आटोपणारी सर्व्हिस बंद करून काहीच मिळत नाही; तीन महिन्यांनी प्रिंटर का चालत नाही याचा शोध मात्र मिळतो. टाइमआउटच ९० वरून १० वर आणण्याचा सल्लाही तसाच. हरवलेल्या स्वॅपपुरता तो लागू पडतो, आणि मग एखाद्या दिवशी खरोखर संथ जागी होणारी बाहेरची डिस्क दहा सेकंदांत आली नाही म्हणून यंत्र इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसते. अशा कधी असणाऱ्या, कधी नसणाऱ्या डिस्कसाठी एफएसटॅबमध्ये ‘नोफेल’ हा पर्याय आहे, आणि त्या एकाच डिव्हाइसची मर्यादा वेगळी लिहिण्याचीही सोय आहे. बदल एक करावा, यंत्र पुन्हा सुरू करावे, आकडा पाहावा, मग दुसरा.

पुढच्या प्रकरणांचा क्रम साधारण याच वाटेने जातो: फर्मवेअर, लोडर, कर्नल, इनिटरामएफएस, सर्व्हिसेस, डेस्कटॉप. पण पहिले प्रकरण त्यांतल्या कशाचेच नाही. ते डिस्कच्या प्रकृतीचे आहे. कारण कर्नलच्या ‘डीमेसेज’ या लॉगमध्ये सेकंद चालता चालता मध्येच मोठी फट पडली असेल आणि फटीनंतर ‘एटीए’ने सुरू होणाऱ्या, वाचन फसल्याच्या आणि लिंक पुन्हा जोडल्याच्या ओळी असतील, तर तिथे कर्नल डिस्ककडून उत्तराची वाट पाहत होता आणि ते आले नाही. केबल सैल असेल तर ठीक, पाच मिनिटांचे काम. पण ‘स्मार्टसीटीएल’ने दाखवलेल्या तक्त्यात बदललेल्या किंवा प्रलंबित सेक्टरांचा आकडा शून्याहून मोठा असेल आणि दिवसागणिक चढत असेल, तर बूटचा वेळ हा विषय तिथेच बाजूला ठेवायचा. एफएससीके चालवायचा नाही, कारण तो त्याच आजारी डिस्कवर लिहू लागतो. यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू करायचे, ‘डीडीरेस्क्यू’ने पूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढायची आणि जी काही दुरुस्ती करायची ती त्या प्रतीवर.